खणातली तारीख

आप्पा, आज मंगळवार. भिंतीवरच्या तक्त्यात आजच्या चौकोनात मी माझ्या हाताने लिहिलंय, 'सेंटरिंग खोलणे'. साडेदहा वाजलेत आणि साइटवर एक माणूस नाही. एक कुत्रं आहे, ते मिक्सरच्या सावलीत झोपलंय. आत तुमच्या बल्ल्या, सेंटरिंगचे लाकडी टेकू, स्लॅब डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या आहेत, आणि मी सिमेंटच्या खोलीत टेबलाशी बसून तुम्हाला हे लिहितेय. दुसरं काही करण्यासारखं नाही. फोन करून झाले. टोळीतल्या चौघांचे लागत नाहीत, आणि ज्याचा लागला तो म्हणाला, येतो की ताई, तुमी काळजी करू नका. म्हणजे आज येत नाहीत.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. लोक विचारतात, किती वर्षांची ओळख? सतरा. सतरा वर्षांत आपण गोदामं बांधली, शाळाखोल्या बांधल्या, एक मंगल कार्यालय बांधलं, आणि हे राजूरजवळचं मुलींचं वसतिगृह शेवटचं. तुम्ही मुकादम, सोनईहून सेंटरिंगची टोळी घेऊन यायचात, मी कंत्राटदार शेठची साइटवरची इंजिनियर. कोणी विचारलं की करता काय, तर मी म्हणायचे, बांधकाम. खरं तर भिंती गवंडी बांधतात, सळया फिटर बांधतात. आपण दोघं फक्त तारखा सांभाळायचो. त्यातच दमून जायचो. मी अजून दमतेच आहे.

पहिल्या साइटवर, तुमच्याच सोनईबाहेरच्या धान्याच्या गोदामावर, मी कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली होते. माझे वडील नगरच्या शाळेत मास्तर. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तुमच्या-माझ्या तोंडात नगरच राहिलं.) शाळेचं वेळापत्रक दर वर्षी तेच करायचे. जमिनीवर मोठा कागद पसरून, कोणत्या सरांचा तास कोणत्या वर्गावर, हे आठ दिवस जुळवत बसायचे. एकदा बसलं की वर्षभर घंटेवर शाळा चालायची. मला वाटायचं इमारतही तशीच बांधतात. मी चार रंगांच्या स्केचपेनांनी तक्ता केला, पाया, कॉलम, स्लॅब, गिलावा, सगळ्यांना आपापले आठवडे वाटून दिले आणि भिंतीला चिकटवला. तुम्ही हात मागे बांधून बराच वेळ बघत उभे राहिलात. मग विचारलंत, "ह्यात जत्रा कुठं हायेत?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

चैत्र लागला आणि एका सोमवारी साइटवर मी आणि वॉचमन. टोळीत बारा माणसं, त्यांची सहा गावं, प्रत्येक गावाची जत्रा वेगळ्या तिथीला. आदल्या दिवशी जायचं, दुसऱ्या दिवशी देवाचं, तिसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा, चौथ्या दिवशी पाहुणे लावून द्यायचे. एकाची संपली की दुसऱ्याची. माझे चारी रंग भिंतीवर जागच्या जागी राहिले. शेठने फोनवर मला असं झापलं की मी सिमेंटच्या पोत्यावर बसून रडले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही परत आलात ते गोडीशेवेचा पुडा घेऊन. पुडा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, लाल पेन्सिल घ्या. तुम्ही तिथी सांगत गेलात, मी पंचांगात बघून तारीख काढत गेले. इथं दोन दिवस धरा, इथं चार, त्या गावच्या हगाम्याला आपला फिटर खेळतो, हरला तर पाचवा दिवस पण धरा.

त्यानंतरच्या प्रत्येक तक्त्यात आपण आधी जत्रा मांडल्या आणि मग उरलेल्या जागेत स्लॅब. अकोल्याच्या या डोंगराकडच्या कामांवर जत्रांच्या जोडीला भाताची आवणी आली, तिथले लोक चिखलात उतरले की इमारतीकडे फिरकत नाहीत, तीही लाल केली. पुण्याहून एकदा एक तज्ज्ञ गृहस्थ आले होते, त्यांनी विचारलं हे लाल काय. मी म्हटलं, जत्रा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे ते कुठे कुठे भाषणात माझं उदाहरण देतात असं ऐकलं. तुमचं नाव त्यांना माहीत नाही, आणि मी सांगितलंही नाही, याची आज लाज वाटते.

पण जत्रा मांडूनही तारखा पाळल्या जात नव्हत्या. मग मी या धंद्यातल्या सगळ्यांसारखी खोटं बोलायला शिकले.

आपल्या धंद्यातली तारीख म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त. पत्रिकेत बारा पस्तीस छापतात, कारण मंडळी दीडला येतात. शनिवारी स्लॅब हवा असेल तर मी तुम्हाला गुरुवार सांगायचे. तुम्ही टोळीला मंगळवार सांगायचात. टोळी दोन दिवस पुढे धरून गुरुवारी उगवायची, तुम्ही त्यांच्यावर ओरडल्यासारखं करायचात, मी तुमच्यावर ओरडल्यासारखं करायचे, आणि शनिवारी स्लॅब व्हायचा. सगळे खूश. खरी तारीख कोणाच्याच तोंडून निघायची नाही आणि काम मात्र खऱ्या तारखेला व्हायचं. मी दोन तक्ते ठेवायला लागले. एक भिंतीवर, सगळ्यांनी बघायचा. दुसरा टेबलाच्या खणात, माझ्यापुरता.

तो खणातला तक्ता तुम्हाला सापडला तो मंगल कार्यालयाच्या साइटवर. टेप शोधायला खण उघडलात. मी दारात होते, तुम्हाला दिसले नाही. तुम्ही कागद उलगडला, भिंतीकडे पाहिलंत, कागदाकडे पाहिलंत, आणि होती तशी घडी घालून परत ठेवलात. मला वाटलं आता संपलं, उद्यापासून हा माणूस माझ्या तारखेला हिंग लावून विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या स्लॅबची तारीख सांगितली तेव्हा तुम्ही मान खाली घालून तंबाखू मळत विचारलंत, "ही भिंतीवरची का खणातली?" आणि मग हसलात. मी म्हटलं, आप्पा, तारीख ती तारीख.

तेव्हापासून तो आपला नेमच झाला. प्रत्येक स्लॅबच्या आधी तुम्ही विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं नाही. तुम्हाला उत्तर नकोच असायचं. तुम्ही मनातल्या मनात काय ते दिवस वाढवून घ्यायचात, आणि मी तुम्हाला ते करू द्यायचे. किती वर्षं आपण एकमेकांना असं खोट्यातून खरं कळवत आलो.

भांडणं झाली ती बल्ल्या काढण्यावरून. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग किती दिवसांनी खोलायचं, यावर तुमचं आणि माझं कधी पटलं नाही. एवढ्या रुंदीच्या गाळ्याला पुस्तकात चौदा दिवस आहेत. तुमचे एकवीस. का, तर तुमच्या उस्तादाने सांगितलं होतं, कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांनी बाहेर येतं, त्याच्या आधी अंडं फोडायचं नाही. मी म्हणायचे, सिमेंट म्हणजे अंडं नाही. तुम्ही म्हणायचात, सिमेंट तुमचं, बल्ल्या माझ्या. संगमनेरच्या शाळेवर आपण आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही, निरोप वॉचमनच्या तोंडून. तुम्ही स्लॅबच्या दिवशीच कॉलमवर खडूने खोलायचा वार लिहून ठेवायचात, मुलं पाटीवर काढतात तसं ठळक, आणि त्याच्या आधी बल्लीला हात लावू द्यायचा नाहीत. एक सांगते. त्यात तुम्ही चुकत होतात. चांगल्या सिमेंटला, नीट पाणी मारलेल्या स्लॅबला चौदा पुरतात. सतरा वर्षांत तुम्ही आपले किती आठवडे त्या कोंबडीपायी घालवलेत याचा हिशोब मांडायला मला भीती वाटते.

पण खोलायच्या दिवशी तुम्ही जे करायचात ते मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नाही. पहिली बल्ली निघायच्या आधी टोळीला कडेला उभं करायचात आणि स्वतः बरोबर स्लॅबच्या मधोमध जाऊन उभे राहायचात. टोपी काढून हातात. वर बघायचं नाही, समोर बघायचं. सगळ्या बल्ल्या निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडले होते, हे नियमात बसत नाही, बाहेर या. तुम्ही म्हणालात, मी बांधलंय, पहिला मी. त्यानंतर मी तो नियम तुमच्यापुरता विसरून गेले.

आता त्या दिवसाकडे यावंच लागेल. एवढा वेळ त्याच्या भोवती घोटाळतेय.

या वसतिगृहाचा वरचा स्लॅब. शाळा उघडायच्या आत इमारत द्यायची होती, नाही तर डोंगरातल्या वस्त्यांवरून येणाऱ्या मुली यंदाही वर्गातच बाकं बाजूला सारून झोपणार. मी त्या मुली झोपलेल्या पाहिल्यात, दप्तर उशाला घेऊन. ही तारीख खरोखरीची होती. पण तिच्यापासून उलट मोजत आलं तर स्लॅबला अजून भरपूर वाव होता. तुमच्या गावची जत्रा मध्ये येत होती. जत्रा होऊ दिली असती, टोळी आठ दिवसांनी परत आली असती, तरी चाललं असतं. माझ्या खणातल्या तक्त्यात स्लॅबची तारीख भिंतीवरच्या तारखेनंतर बारा दिवसांनी होती.

पण गेल्या वर्षी जत्रेला गेलेली टोळी अकरा दिवसांनी परत आली होती आणि मला ते पुन्हा सोसायचं नव्हतं. शेठची बोलणी, वसतिगृहवाल्या संस्थेच्या लोकांचे फोन, आणि रोज सकाळी रिकामी साइट. मला जत्रेच्या आधी स्लॅब टाकून मोकळं व्हायचं होतं. बस, एवढंच. कोणाचं काही अडलं नव्हतं, मी फक्त कंटाळले होते.

तुम्ही दारात आलात. बसा म्हटलं तर बसला नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिलात. नेहमीसारखी तंबाखू मळत नव्हतात, हे मला आज आठवतं. म्हणालात, "ताई, ही भिंतीवरची का खणातली? या टायमाला खरं सांगा."

नेहमीचं हसू नव्हतं. मी ते पाहिलं. माझ्या मनात काय आलं माहितीय? आलं, की हा आता जत्रेची सुट्टी वाढवून मागणार. म्हणून मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "खणातली, आप्पा. देवाशप्पथ."

सतरा वर्षांत मी पहिल्यांदा उत्तर दिलं.

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, बरं, गावाकडं एक काम हुतं, ते फुडं ढकलतो. आणि गेलात. कोणतं काम, एवढे दोन शब्द मला विचारायचे होते. मी शेठचा फोन घेतला.

स्लॅबच्या दिवशी, त्या मंगळवारी, तुम्ही शिडीवरून दोनदा थांबून वर आलात. ऊन लई हाय, म्हणालात. दुपारी पोत्यांच्या थप्पीवर बसून राहिलात, आणि बसल्या बसल्या टोळीला हाका मारत होतात. तुम्हाला स्लॅब चालू असताना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, आप्पा म्हातारे झाले. संध्याकाळी जेवणाला मटण होतं, तुम्ही भाकरी रश्शात बुडवून दोन घास खाल्लेत आणि ताट सरकवलंत. मग खडू घेऊन कॉलमपाशी गेलात आणि लिहिलंत, 'मंगळवार, २१'. हात धुतलेत आणि टोळीबरोबर जीपमध्ये बसून गावाला गेलात. जाताना मला म्हणालात, आता तुमी बी दोन दिवस आराम करा. मी केला, खरंच. दोन दिवस मला फार छान झोप लागली.

शुक्रवारी, जत्रेच्या सकाळी, तुम्ही अंगणात चहा घेत बसला होतात आणि कप खाली ठेवताना गेलात. मला टोळीतल्या एकाचा फोन आला तेव्हा मागे सनई-ताशा वाजत होता, कोणी तो अजून थांबवला नव्हता.

दहाव्याला मी सोनईला आले. बायका बसल्या होत्या तिथे तुमच्या कारभारणीने, सिंधूकाकूंनी, मला जवळ बसवलं. सतरा वर्षांत त्यांच्या हातचा डबा कितीदा खाल्ला, पण इतक्या जवळ बसायची वेळ आली नव्हती. त्यांनी शेजारणीला माझी ओळख करून दिली. मग एक प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. दवाखान्याचे कागद. नगरच्या डॉक्टरांनी तुम्हाला सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं, स्लॅबच्या आदल्या दिवशी. हाताच्या शिरेतून नळी घालून हृदय तपासायचं होतं, मग जे काय असेल ते लगेच. तुम्ही तो सोमवार पुढच्या सोमवारवर नेलात. जत्रेच्या शुक्रवारपासून तीन दिवसांवर होता तो.

काकू हे मला दूषण द्यायला सांगत नव्हत्या. कौतुकाने सांगत होत्या, शेजारणीला ऐकू जाईल असं. "मी म्हनलं, काम ऱ्हाऊ द्या, आधी दवाखाना. तर म्हनले, न्हाई, ताईनं पहिल्यांदाच खरी तारीख सांगितलीय. आता मला हलता येत न्हाई."

मी काय केलं असेल? पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली. बायकांना वाटलं मी रडतेय. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी त्यांना तो फिरवू दिला.

परत येताना बसमध्ये मी तुमच्याशी भांडले. मोठ्याने नाही, पण ओठ हलत असणार, कारण शेजारची बाई सरकून बसली. तुम्ही का सांगितलं नाहीत? 'गावाकडं एक काम हुतं.' हे काम? तुम्हाला काय वाटलं, मी नाही म्हटलं असतं? मी तुम्हाला स्वतः गाडीत घालून नगरला नेलं असतं, स्लॅब गेला असता खड्ड्यात. सतरा वर्षं तुम्ही माझ्या प्रत्येक तारखेत चार-आठ दिवस वाढवून धरत आलात, तुमच्यासारखा मुरलेला माणूस, आणि याच वेळी विश्वास ठेवावासा वाटला? मी खोटं बोलले हे खरं. पण खोटं तुम्हीही बोललात. आपण दोघांनी एकाच दारात, एकाच मिनिटात एकमेकांना फसवलं, आणि त्यात तुमचा जीव गेला, माझी दोन रात्रींची झोप झाली. डॉक्टरांना फोन करून विचारलं मी. ते म्हणाले, आधी आले असते तरी सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे वाचलेही असते. मी त्यांच्याकडून काहीतरी पक्कं ऐकायला फोन केला होता.

स्लॅबच्या चौदाव्या दिवशी शेठचा फोन आला. खोला आता, पुस्तकात बसतंय, मुकादमही राहिला नाही अडवायला. तुम्हाला माहितीय, पुस्तक माझ्या बाजूने होतं. सतरा वर्षं मी ज्यासाठी भांडले ते आयतं समोर आलं होतं. मी कॉलमपाशी गेले, तुमचा खडू पाहिला, आणि शेठला सांगितलं की मंगळवारी खोलू. ते म्हणाले, बाई, तुम्ही पण कोंबड्या पाळायला लागलात काय. मी म्हटलं, हो.

परवा रविवारी पुन्हा सोनईला आले. या वेळी काकू एकट्याच होत्या, ओट्यावर सुपात हुलगे घेऊन. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. ती तारीख खोटी होती, काकू. अजून बारा दिवस हाताशी होते. त्यांनी विचारलं म्हणून मी देवाची शपथ घेतली आणि खोटं बोलले.

त्यांचा हात सुपात थांबला. "बारा?"

"बारा."

"बारा दिवसात तर ते जाऊन आले असते."

"हो."

मला वाटलं उठायला सांगतील. वाटलं, ओरडतील, ते बरं झालं असतं. जाऊ द्या पोरी, त्यांची दोरीच तेवढी होती, असंही म्हणतील असं वाटलं होतं. तेही म्हणाल्या नाहीत. खडा निवडला आणि अंगणात फेकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोललीस ते बोललीस. त्यांच्या बल्ल्या कधी काढनार तेवढं खरं सांग."

मी म्हटलं, मंगळवारी. त्यांनीच लिहून ठेवलंय.

त्याच दिवशी परत येऊन मी भिंतीवरचा तक्ता फाडला. खणातला काढून त्यात तुमचा मंगळवार भरला आणि भिंतीवर लावला. टोळीतल्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं, मंगळवार म्हणजे मंगळवारच, आता इथून पुढे एकच तारीख, खरी. सगळे हो हो म्हणाले. आणि आज मंगळवार आहे, साडेअकरा होत आले, आणि साइटवर मी आणि कुत्रं. त्यांनी दोन दिवस पुढे धरले, आप्पा. तुम्ही त्यांना चांगलं शिकवून ठेवलंय. नऊ माणसं आत्ता आपापल्या घरी निवांत आहेत, ताईने मंगळवार सांगितलाय म्हणजे गुरुवारी जायचं. खरं बोलायला लागायची वेळ आली तेव्हा ऐकायला कोणी उरलं नाही. याचं मला हसू यायला हवं होतं.

इथे लिहिणं मध्येच थांबलं. आता दुपारचे तीन वाजलेत.

बाराच्या सुमारास राजूरकडून येणारी जीप फाट्यावर थांबली आणि काकू उतरल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर घट्ट. पहाटेच सोनई सोडली म्हणे. राहुरी, संगमनेर, अकोले, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलत आल्या. महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडला म्हणून जाऊ बोलली, तिला सांगून आल्या की दवाखान्याचे कागद आणायला चाललेय. मी धावत गेले. येते म्हणून काही बोलल्या नव्हत्या रविवारी.

मी त्यांना आत नेलं. बल्ल्यांच्या मधून वाकून चालत गेलो आम्ही. कॉलमवरचं तुमचं अक्षर त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. मग विचारलं, ते कुठं उभे ऱ्हायचे? मी मधोमध नेलं. त्या तिथे उभ्या राहिल्या. वर पाहिलं नाही, समोर पाहिलं. कोणी सांगितलं असेल त्यांना, की तुम्ही घरी कधी करून दाखवलं होतंत?

जरा वेळाने त्या बल्ल्यांच्या रांगांकडे बघत म्हणाल्या, "अजून काढल्या न्हाईत."

मी सगळं सांगितलं. टोळी आली नाही, माझ्यावर विश्वास नाही, गुरुवारी येतील. अठरा दिवसांत मी पहिल्यांदा रडले, ओढणी न लावता, नाक वाहेपर्यंत. काकूंनी या वेळी पाठीवरून हात फिरवला नाही. रडून होईपर्यंत उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "पन तारीख आजचीच हुती नव्हं?"

"आजचीच, काकू."

"मंग बरोबर आले मी."

त्यांनी पिशवीतून भाकऱ्या काढल्या, हुलग्याची उसळ काढली आणि तिथेच, तुमच्या जागेवर, फडकं पसरलं. आम्ही जेवलो. गुरुवारपर्यंत माझ्या खोलीवर राहते म्हणाल्या. पहिली बल्ली निघेल तेव्हा मधोमध दोघींनी उभं राहायचं असं ठरलंय, आणि नियमात बसत नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आत्ता त्या बाहेर नळाची नळी घेऊन कॉलमांना पाणी मारतायत. त्याची आता गरज नाही, पण मी मारू देतेय.